चार बटणांचा डबा

गेले तीन आठवडे आमच्या घरात शांतता होती. संध्याकाळी साडेसात वाजले की आतल्या खोलीतून जो आवाज सुरू होतो, आणि ज्याला मी दीड वर्ष न चुकता नावं ठेवत आले, तो अचानक बंद झाला. पहिले दोन दिवस बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी भाजी निवडताना लक्षात आलं की आपण कान देऊन बसलोय. चौथ्या दिवशी नातवाला विचारलं, "काय रे, तुझी गिटार आजारी आहे का?"

तर म्हणाला, "गिटार नाही गं आजी, ॲम्प. तो खेळण्यातला आहे. त्याच्यावर वाजवून काही उपयोग नाही."

आमच्या नातेवाइकांपैकी ज्यांनी त्याची गिटार फक्त फोटोत पाहिली आहे (पुण्याच्या वन्संनी "वीणा कधी घेतली?" असं विचारलं होतं!) त्यांच्यासाठी थोडं सांगते. ही इलेक्ट्रिक गिटार. ती पोकळ नसते, चांगली भरीव फळी असते. तारांखाली लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेची वेटोळी. तार हलली की त्या वेटोळ्यात अगदी क्षीण वीज उत्पन्न होते. नुसती वाजवली तर खाटेची दोरी छेडल्यासारखा आवाज येतो. ती क्षीण वीज मोठी करून कर्ण्यातून बाहेर काढणारं यंत्र म्हणजे ॲम्प्लिफायर, मुलांच्या भाषेत ॲम्प. म्हणजे ॲम्प हे निम्मं वाद्यच झालं.

आमच्याकडचा ॲम्प दहा वॅटचा. याच्या मित्राचा मोठा भाऊ शिकायला परदेशी निघाला, त्याच्याकडून साडेतीन हजारांना घेतला. आकार पाच किलो तांदळाच्या डब्याएवढा, वजनही साधारण तेवढंच. पुढे जाळी, वर चार बटणं. एक आवाजाचं, एक सुराला खरखर आणण्याचं, एक जाड आवाजाचं आणि एक बारीक आवाजाचं. बस्स.

झालं असं, की हा एका मित्राकडे गेला होता. तिथे व्हॉल्व्हवर चालणारा मोठा ॲम्प होता. त्यावर याने दहा मिनिटं वाजवलं आणि स्वर्ग दोन बोटं उरला. वर तिथल्या कुणा जाणत्या दादाने सांगितलं, "ट्रान्झिस्टरच्या स्वस्त ॲम्पवर शिकलास ना, तर हात बिघडतो." झालं! दुसऱ्या दिवसापासून आमचा डबा कोपऱ्यात, त्यावर धुतलेल्या शर्टांची चळत.

"हात बिघडतो" हे शब्द मला टोचले. का टोचले ते पुढे सांगते. आधी या व्हॉल्व्ह आणि ट्रान्झिस्टरच्या भांडणाबद्दल. नातवाने समजावून सांगायला घेतलं तेव्हा त्याला वाटलं आजीला यातलं काय कळणार. पण हे भांडण मी लहानपणी घरातच ऐकलं आहे!

आमच्याकडे व्हॉल्व्हचा रेडिओ होता. बटण फिरवलं की लगेच लागत नसे. आधी दिवा लागायचा, मग आत तांबूस उजेड दिसू लागायचा, आणि अर्ध्या मिनिटाने लांबून आल्यासारखा आवाज जवळ जवळ यायचा. पेटी वरून गरम व्हायची, आणि मांजराला हिवाळ्यात ती जागा फार प्रिय होती. त्या आतल्या काचेच्या नळ्या म्हणजे व्हॉल्व्ह. आतली हवा काढून घेतलेली, मधली पट्टी तापली की त्यातून विजेचे कण सुटणार आणि पलीकडच्या पट्टीकडे धावणार. त्यांना पळवायला शेकडो व्होल्टचा दाब लागतो. म्हणून ती यंत्रं जड, गरम आणि महाग.

पुढे ट्रान्झिस्टर आला. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या बेल प्रयोगशाळेत डिसेंबर १९४७ मध्ये बार्डीन आणि ब्रॅटन यांनी पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखवला आणि त्या कामासाठी शॉकलेसह तिघांना १९५६ चं नोबेल मिळालं, हे मी नंतर वाचलं. आमच्यापुरता ट्रान्झिस्टर म्हणजे कातडी पिशवीतला, खांद्याला अडकवायचा रेडिओ. बटण दाबलं की लगेच बोलणारा, सेलवर चालणारा. आमचे अण्णा शेवटपर्यंत म्हणत, "व्हॉल्व्हच्या आवाजातला गोडवा याला नाही." आणि असं म्हणत म्हणत ट्रान्झिस्टर उशाशी घेऊन झोपत, गोठ्यात जाताना बरोबर नेत, आजारपणात पोटावर ठेवून विविधभारती ऐकत. गोडव्याचा रेडिओ दिवाणखान्यात झाकून ठेवलेला असे. त्यावर आईने विणलेला रुमाल होता.

अण्णा खोटं बोलत नव्हते. नातवाचा तो दादाही खोटं बोलत नाही. फरक आहेच. कुठल्याही ॲम्पला झेपेल त्यापेक्षा मोठा आवाज मागितला की लहरीचा माथा कापला जातो. व्हॉल्व्ह तो माथा गोलसर कापतो, आणि हळूहळू. ट्रान्झिस्टर आपल्या मर्यादेपर्यंत स्वच्छ राहतो आणि मग एकदम सपाट कापतो, विळीवर काकडी कापावी तसा. गिटारवाल्यांना ती पहिली, गोलसर खरखर आवडते. कंठ दाटून आल्यासारखा आवाज येतो, आणि तार हळू छेडली की तो पुन्हा निवळतो. स्वस्त ॲम्पमध्ये हाच परिणाम दोन-चार डायोड लावून मुद्दाम आणलेला असतो. तो बाटलीत माशी कोंडल्यासारखा लागतो, हे मी दीड वर्ष ऐकल्याने छातीठोकपणे सांगू शकते.

पण या गोष्टीचा इतिहास पाहिला तर गंमत वाटते. ही खरखर आज ज्यांना पूज्य आहे त्यांच्या आद्य कारागिरांना तो दोष वाटत होता. कॅलिफोर्नियातले लिओ फेंडर हे मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. त्यांना आवाज स्वच्छ हवा होता. वाजवणाऱ्यांनी बटणं शेवटपर्यंत फिरवून तो दोष गोड करून घेतला. दुसरं, लंडनच्या हॅनवेल भागातले जिम मार्शल. ते ड्रम शिकवायचे आणि वाद्यांचं दुकान चालवायचे. अमेरिकेहून येणारे फेंडरचे ॲम्प तिथल्या पोरांना परवडत नसत. म्हणून १९६२ साली त्यांच्या दुकानातल्या मंडळींनी फेंडरचाच एक नमुना समोर ठेवून, जवळ मिळतील ते सुटे भाग वापरून आपला ॲम्प तयार केला. म्हणजे आज ज्या नावापुढे लोक हात जोडतात ते नाव मुळात "महाग माल परवडत नाही, म्हणून आपण इथेच बनवू" यातून जन्मलं आहे. हे मी नातवाला सांगितलं तेव्हा तो थोडा वेळ गप्प बसला. सोळा वर्षांचा मुलगा गप्प बसतो म्हणजे मुद्दा पोचला असं मी धरते. चाळीस पोरांच्या वर्गात इतकी वर्षं काढल्यावर एवढं कळतं.

ट्रान्झिस्टर ॲम्पची बदनामी झाली त्यालाही कारण आहे. १९६५ साली सीबीएस या मोठ्या कंपनीने फेंडरचा कारखाना विकत घेतला आणि पुढच्याच वर्षी ट्रान्झिस्टरचे ॲम्प बाजारात आणले. नवं शास्त्र म्हणून जाहिरात झाली, पण यंत्रं कच्ची होती. ती भर कार्यक्रमात तापायची, बंद पडायची. काही वर्षांत ती गुंडाळावी लागली. एकदा नाव गेलं ते गेलं. शाळेतसुद्धा आठवीत नापास झालेला मुलगा दहावीत पहिला आला तरी शिपायापासून हेडमास्तरांपर्यंत सगळे त्याला "तो नापास झालेला" म्हणूनच ओळखतात.

पण मुलगा पुढे सुधारला की नाही, ते पाहायला हवं ना! त्याच १९६५ साली हार्टली पीव्ही नावाच्या तरुणाने मिसिसिपी राज्यातल्या मेरिडियन गावी कारखाना काढला. माफक किमतीची, टिकाऊ यंत्रं हेच त्याचं धोरण. त्यांचा 'बँडिट' नावाचा ट्रान्झिस्टर ॲम्प कितीतरी चर्चमध्ये, लहानसहान हॉटेलांत आणि शिकाऊ मुलांच्या घरी राबला. जपानच्या रोलँड कंपनीने १९७५ मध्ये 'जॅझ कोरस' काढला. तो स्वस्त नव्हे, पण ट्रान्झिस्टरचाच, आणि त्याच्या स्वच्छ आवाजासाठी मोठमोठे वादक आजही तो घेतात. आणि बी. बी. किंग! ब्लूजचा एवढा मोठा माणूस, ज्याच्या एका सुरात लोकांच्या डोळ्यांत पाणी यायचं, तो कित्येक वर्षं 'लॅब सिरीज एल-५' या ट्रान्झिस्टर ॲम्पवर वाजवत असे. त्याचा हात काही बिघडला नाही.

"पण आजी, तो बी. बी. किंग होता," नातू म्हणाला.

बरोबर आहे. मोठ्या माणसाचं उदाहरण देऊन लहान माणसाची अडचण सुटत नाही. बी. बी. किंगने डब्यावर वाजवलं असतं तरी तो बी. बी. किंगच. म्हणून आमच्या साडेतीन हजारांच्या डब्याची बाजू मला वेगळ्या तऱ्हेने मांडायला हवी.

त्याचा आवाज महागड्याइतकाच चांगला आहे असं मी म्हणणार नाही. नाहीच आहे. लहान खोकं, सहा इंची कर्णा, त्यातून गंभीर आवाज यायचा कुठून? आणखी एक वाईट गोष्ट म्हणजे बिघडला की दुरुस्तीला कुणी हात लावत नाही. सगळं एका पातळ पट्टीवर चिकटवलेलं, मजुरी किमतीच्या वर जाते. जुना व्हॉल्व्हचा ॲम्प साठ वर्षांनीही नळ्या बदलून, डाग देऊन चालता होतो. आमचा डबा एक दिवस भंगारात जाणार. हे मला डाचतं, कारण आम्ही छत्रीसुद्धा तीनदा दुरुस्त करणारी माणसं.

पण शिकणाऱ्याला आधी काय लागतं? आवाजाचा दर्जा की रोज वाजवण्याची सोय?

व्हॉल्व्हचा ॲम्प तापायला वेळ घेतो. त्याच्या नळ्या झिजतात, बदलाव्या लागतात, आणि त्या आता जगात मोजक्याच ठिकाणी होतात. रशिया, स्लोव्हाकिया आणि चीन ही त्यातली मुख्य. २०२२ साली युद्ध सुरू झाल्यावर रशियाने निर्यातीवर बंदी घातली तेव्हा अमेरिकेतल्या गिटारवाल्यांची नळ्या जमवायला धावपळ उडाली आणि भाव चढले. कर्णा न जोडता चालवला तर त्याचा आतला ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. प्लग काढल्यावरही आत जीवघेणी वीज साठून राहते, म्हणून घरच्या माणसाने उघडायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ती गोलसर, गोड खरखर पुरेपूर हवी तर आवाज मोठा करावा लागतो. तोही किती? कानाचा हिशेब विचित्र आहे. आवाज दुप्पट वाटायला वॅट दसपट लागतात. म्हणजे शंभर वॅटचा ॲम्प दहा वॅटच्या दसपट नव्हे, जेमतेम दुप्पट मोठा वाटतो. त्यामुळे वॅट कमी केले म्हणून घर वाचत नाही. पंधरा वॅटचा व्हॉल्व्ह ॲम्प रंगात आला की ठाण्याच्या आमच्या इमारतीत तीन मजले दणाणतील, आणि सोसायटीचे सेक्रेटरी चपला न घालता वर येतील.

आमचा डबा? बटण दाबलं की चालू. पडला तर उचलून ठेवायचा. अगदी हळू ठेवला तरी त्याची खरखर तशीच राहते, कारण ती मुळात डायोडची. फोनवरचं गाणं त्यातच लावून साथीला वाजवता येतं. आणि मागे नव्हे, पुढेच एक भोक आहे, त्यात हेडफोन खुपसला की घराला पत्ताही लागत नाही. आता संगणकाच्या करामतीने शंभर ॲम्पचे आवाज काढणारी यंत्रं निघाली आहेत, फोनवरही तसं काही मिळतं, म्हणे. चांगलंच आहे. पण मी पाहते, ज्या मित्राकडे ते आहे तो अर्धा तास आवाज निवडतो आणि पाच मिनिटं वाजवतो. चार बटणांत निवडण्यासारखं काही नसतं. मग वाजवावंच लागतं.

आता त्या टोचलेल्या शब्दांबद्दल.

१९८४-८५ ची गोष्ट असेल. मी तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका शाळेत होते, आणि स्नेहसंमेलनाची निवड माझ्याकडे होती. आठवीतला एक मुलगा बेंजो घेऊन आला. कोकणात आणि मुंबईत वरातीत, विसर्जनाला वाजतो तो बेंजो. टाईपरायटरसारख्या कळा आणि खाली तारा. हे वाद्य मूळचं जपानचं. १९१२ साली नागोयात निघालेला ताइशोगोतो आपल्याकडे येऊन बुलबुलतरंग झाला, आणि त्याला वीज जोडून आपण बेंजो केला. या मुलाने त्याला पिकअप बांधला होता आणि बरोबर एक पत्र्याचा डबा आणला होता. गावातल्या रेडिओ दुरुस्तीवाल्याने जुन्या सुट्या भागांतून जोडून दिलेला ट्रान्झिस्टरचा ॲम्प. त्याने वाजवायला सुरुवात केली, डबा चिरकला, पोरं हसली.

मी म्हटलं, "हे वरातीत ठीक आहे. याने हात बिघडतो, कानही बिघडतो. पेटी आण, मग घेते तुला."

पेटी त्याच्याकडे कुठून येणार? कुणाच्या घरी होती तेव्हा पेटी? हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. सुचलं नाही, एवढंच. त्या वर्षी तो संमेलनात पडदा ओढायला होता. अगदी वेळेवर ओढला. मी त्याला शाबासकीसुद्धा दिली!

त्याने काय वाजवलं होतं ते मी ऐकलंच नाही, हे मला फार उशिरा जाणवलं. मी डबा ऐकला. बोटं चुकत होती का, ताल सुटत होता का, यातलं मला काहीही सांगता येणार नाही. निवड करायला बसलेल्या बाईंनी मुलाऐवजी यंत्राची परीक्षा घेतली. आणि "हात बिघडतो" हे वाक्य असं आहे, की ते सांगणाऱ्याला काही सिद्ध करावं लागत नाही, आणि ऐकणारा मात्र हात आखडून घेतो.

खरं तर हात कशाने बिघडतो? न वाजवल्याने. शाईचं पेन नसलं तर बोरूने लिहावं, पाटीवर लिहावं, पण लिहावं. माझ्या हातून गेलेल्या मुलांत सुंदर अक्षराची कितीतरी मुलं पेन्सिलीच्या थोटकाला कागदाची सुरळी लावून लिहीत असत. उलट स्वस्त वस्तूचा एक उपयोग असतो तो महाग वस्तूला कधीच नसतो. तिला आपण भीत नाही. दीड लाखाच्या ॲम्पसमोर बसलेला मुलगा त्या दीड लाखाला शोभेल असं वाजवायला बघतो. साडेतीन हजारांच्या डब्यासमोर तो तीच चूक चाळीस वेळा करू शकतो.

हे सगळं मी नातवाला एवढ्या लांबणीने सांगितलं नाही. बेंजोवाल्या मुलाची गोष्ट सांगितली. तो ऐकून म्हणाला, "तू असं केलंस?" मी म्हटलं, "हो." त्याला माझ्याबद्दल काय वाटलं असेल ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि मी ते दिसू दिलं. पुढे मिळवायला लागला की त्याने खुशाल व्हॉल्व्हचा ॲम्प घ्यावा, असंही सांगितलं. चांगल्या वस्तूची ओढ वाईट नसते. ती येईपर्यंत हात बांधून बसणं वाईट.

परवा रात्री दहाच्या सुमाराला पाणी प्यायला उठले. त्याच्या खोलीचं दार किलकिलं होतं. शर्टांची चळत पलंगावर आणि डब्याचा लाल दिवा लागलेला. कानाला हेडफोन. त्याला कसं ऐकू येत होतं कोण जाणे, बाहेर मला फक्त तारांचं कोरडं टिकटिक ऐकू येत होतं. एकाच जागी अडत होतं. पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा तिथेच अडत होतं.

मी दार लोटून घेतलं आणि पाणी न पिताच परत आले. भांड्याचा आवाज झाला असता.